घरी माणूस ठेवायची वेळ आली तर

आबा, मेडिक्लेम आहे म्हणून निवांत बसू नका. ते मुख्यतः दवाखान्यात अ‍ॅडमिट झाल्यावरचं बिल भागवतं. सत्तरीनंतरचं ५ लाखांचं आयुष्मान कार्डही दवाखान्यापुरतंच. घरी उठवायला-बसवायला ठेवलेल्या बाईचा पगार, डायपर, हवेची गादी, सगळं खिशातून. कोल्हापुरात राजारामपुरीत, शाहूपुरीत चौकशी करून दिवसपाळी-रात्रपाळीचे दर विचारा, वर्षाचा हिशेब मांडा आणि तीन-चार वर्षांनी गुणा. आकडा बघून घाम फुटंल, फुटू दे.

पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एकाला ३० लाखांपर्यंत ठेवता येतात, व्याज दर तीन महिन्यांनी. आपल्याकडं गल्लोगल्ली पतसंस्था. टक्काभर जादा बघून सगळी पुंजी तिकडं नेऊ नका. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही.

आणि घर! पोरं गुणी आहेत, मान्य. तरी बक्षीसपत्राची घाई कशाला? करायचंच तर सांभाळायची अट त्यात लिहून घ्या. मग पोरांनी सांभाळलं नाही तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली ते रद्द करून मागता येतं.

वहिनींच्या नावावर वेगळी ठेव मात्र याच महिन्यात करा.