भुट्टा, फुलपाखरू आणि कढीपत्ता

प्रश्न : ताई, आमच्या स्टेशनबाहेर पावसाळ्यात भुट्टेवाले बसतात. कॉलेजात जाणारी लेक म्हणते, जीएम मक्याच्या परागकणांनी फुलपाखरं मरतात, तू कणीस खाऊ नकोस. खरं का हे? शेतातले इतर कीडेही मरतात का? मी बाल्कनीतल्या कढीपत्त्यावर अळ्यांसाठी बीटी पावडर फवारते. नर्सरीवाला म्हणाला, जैविक आहे, काही होत नाही.
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : कणीस बिनघोर खा, लिंबू-तिखट जरा जास्त लावून घ्या. भारतात जीएम, म्हणजे जनुकीय बदल केलेला, मका पिकवायला परवानगीच नाही. आपल्याकडे शेतकऱ्यांच्या रानात पोचलेलं अधिकृत जीएम पीक म्हणजे बीटी कापूस, तोही २००२ पासून. बीटी हा मातीतला एक जीवाणू; अळ्यांना मारणाऱ्या त्याच्या प्रथिनाचं जनुक पिकात घातलं की ते बीटी पीक.

लेकीने वाचलंय ते मात्र उगाच नाही. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी मिल्कवीड या तणाच्या पानांवर बीटी मक्याचे पराग भुरभुरले आणि मोनार्क फुलपाखराच्या अळ्या त्यावर सोडल्या. चार दिवसांत ४४ टक्के मेल्या. साध्या मक्याच्या परागांवर एकही नाही. जगभर गहजब झाला. पण हा प्रयोग प्रयोगशाळेतला, आणि पानावर पराग किती टाकायचे ते नजरेच्या अंदाजाने ठरवलेलं. माझ्या विद्यार्थ्यांना मी हा निबंध मुद्दाम वाचायला देत असे. कशावरून काय सिद्ध होतं आणि काय होत नाही, ते त्यातून छान कळतं.

मग शेतात मोजमाप झालं. मक्याचे पराग जड, बहुतेक शेतात आणि बांधालगतच पडतात. अळ्यांचा काळ आणि पराग झडण्याचा काळ जुळेलच असं नाही. २००१ मध्ये निष्कर्ष आले की बहुतेक बीटी वाणांचा मोनार्कला धोका नगण्य आहे. अपवाद ‘इव्हेंट १७६’ या वाणाचा. त्याच्या परागात विष फार जास्त होतं. ते वाण बाजारातून गेलं.

आता तुमचा कढीपत्ता. अळीच्या क्षारीय आतड्यात बीटीचं प्रथिन सक्रिय होतं, आतड्याच्या पेशींना भोकं पडतात आणि अळी खाणं सोडते. तुमच्या पावडरीत तर तो बीटी जीवाणूच असतो. आणि कढीपत्त्यावर ज्या अळ्या होतात त्या बहुधा कॉमन मॉरमॉनच्या किंवा लिंबावरच्या फुलपाखराच्या. लहान असताना पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात, म्हणून बायका किळस करतात. म्हणजे मक्याच्या शेतात फुलपाखराला फारसं न झालेलं तुमच्या बाल्कनीत बरोबर होतंय! पावडर ठेवून द्या. चार पानं खाल्ली तर खाऊ देत, फोडणीला उरतातच.

इतर किड्यांचं म्हणाल, तर २००७ मध्ये ४२ शेतप्रयोग एकत्र तपासले गेले. कीटकनाशक फवारलेल्या साध्या पिकापेक्षा बीटी पिकात निरुपद्रवी कीटक जास्त सापडले. काहीच न फवारलेल्या शेताच्या मानाने थोडे कमी. कशाशी तुलना करताय, यावर उत्तर फिरतं, आणि दोन्ही बाजूंचे लोक आपल्या सोयीची तुलना निवडतात.

मला खरी काळजी वाटते ती तणनाशक-सहनशील मक्याची, ज्याबद्दल वर्तमानपत्रांत फार गाजावाजा झाला नाही. त्याच्यावर ग्लायफोसेट हे तणनाशक मारता येतं, मका टिकतो, बाकी हिरवं जळतं. मोनार्कची अळी मिल्कवीडशिवाय काही खात नाही, आणि अमेरिकेच्या मिडवेस्ट भागात १९९९ ते २०१० या काळात मिल्कवीड अंदाजे ५८ टक्क्यांनी घटलं. शनिवारी मारुतीला वाहायची रुई त्याच कुळातली. तिच्यावर आपल्या प्लेन टायगर फुलपाखराच्या अळ्या वाढतात. असा मका भारतात पिकवायला परवानगी द्यायची वेळ आली, तर मी आधी बांधावरच्या तणाचं काय होणार ते विचारेन.