लिव्हरचे आठ सेगमेंट (भाग) पाठ होतात आणि विसरतात. सर्जरीच्या रेसिडेंटने लिव्हर समजून कसं घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की पहिल्या वर्षाला आहात, आठ सेगमेंट दरवेळी पाठ करता, आणि राउंडला सरांनी सीटी समोर धरला की एक आकडा जागेवर येत नाही. मी सांगली-मिरज भागात जनरल सर्जरी करतो, हाताखाली रेसिडेंट असतात, आणि हे रडगाणं प्रत्येक बॅचचं आहे. कारण एकच: लिव्हर बाहेरून बघून पाठ केलं जातं. फॅल्सिफॉर्म लिगामेंटच्या (लिव्हरला पुढून पोटाच्या भिंतीशी जोडणाऱ्या पडद्याच्या) अलीकडे उजवा लोब, पलीकडे डावा, हे एमबीबीएसला डोक्यात बसतं आणि मग निघता निघत नाही. सर्जनच्या दृष्टीने ती दोन बाजूंमधली सीमा नव्हेच. लिव्हरला एकच प्रश्न विचारायचा: रक्त येतं कुठून आणि जातं कुठून? बाकीचं त्यातूनच निघतं.

उजव्या-डाव्याची खरी वाटणी जेम्स कँटलीने 1897 मध्ये दाखवली. गॉलब्लॅडरच्या खाचेपासून मागे आयव्हीसीपर्यंत (खालच्या भागातलं रक्त हृदयाकडे नेणाऱ्या मोठ्या शिरेपर्यंत) एक रेघ ओढा. मधली हेपॅटिक व्हेन, म्हणजे लिव्हरमधून रक्त बाहेर नेणारी शीर, त्याच प्रतलातून जाते. तिच्या दोन्ही बाजूंना उजवी आणि डावी हेपॅटिक व्हेन काढा. आता पोर्टल व्हेनच्या (आतड्याकडून लिव्हरला रक्त आणणाऱ्या शिरेच्या) फांद्यांच्या पातळीवर एक आडवी रेघ मारा. वरचे वेगळे, खालचे वेगळे. फ्रेंच शरीररचनातज्ज्ञ क्वीनोने 1954 च्या सुमारास हेच आकड्यांत मांडलं. एक नंबर मागे लपलेला कॉडेट लोब. डाव्या टोकाला वर दोन, खाली तीन. फॅल्सिफॉर्म आणि कँटलीच्या रेघेमध्ये चार. मग उजवीकडे खाली पुढे पाच, खाली मागे सहा, वर मागे सात, वर पुढे आठ. समोरून बघताना आकडे घड्याळाच्या दिशेने फिरतात. स्वतःच्या हाताने रोज एकदा कोऱ्या कागदावर काढा, पुस्तकातली रंगीत आकृती बघत बसू नका.

यातली लक्षात ठेवायची गोष्ट अशी की पोर्टल व्हेन, आर्टरी आणि पित्तनलिका सेगमेंटच्या मधोमध शिरतात, आणि हेपॅटिक व्हेन दोन सेगमेंटच्या सीमेवरून वाहतात. एवढं कळलं की सेगमेंट वेगळा काढता का येतो हे वेगळं सांगावं लागत नाही.

कागदानंतर सोनोग्राफीच्या खोलीत जाऊन उभे राहा. ओपीडी संपल्यावर रेडिओलॉजीच्या रेसिडेंटला चहा पाजा आणि प्रोब उजव्या बरगडीखाली ठेवून वर तिरका करायला सांगा. तीन काळ्या नळ्या, म्हणजे हेपॅटिक व्हेन, आयव्हीसीकडे जाताना दिसतील. त्यांच्या कडा फारशा उठून दिसत नाहीत; पोर्टलच्या फांद्यांना मात्र पांढरी, चकचकीत कड असते, कारण ग्लिसनचं आवरण (लिव्हरभोवतीचं तंतुमय वेष्टन) त्यांच्यासोबत आत जातं, हेपॅटिक व्हेनसोबत जात नाही. एकदा हे डोळ्यांनी पाहिलं की सीटीवर गोंधळ होत नाही.

आणि मटणाच्या दुकानातून बकऱ्याची ताजी, न चिरलेली कलेजी आणा. दुकानदार पित्ताची पिशवी आधीच उडवतो, फुटली तर कलेजी कडू होते म्हणून; ती ठेवायला सांगा. तो विचित्र नजरेने बघेल, बघू दे. बकऱ्याचे लोब माणसासारखे नसतात, त्यामुळे सेगमेंट शोधू नका. बोटांच्या चिमटीत हळूहळू दाबत जा. मांस विरघळल्यासारखं सुटतं आणि शिरा दोऱ्यांसारख्या ताणलेल्या उरतात. हेच फिंगर फ्रॅक्चर. मग टाका घालून बघा, जरा ओढला की चिरत जातो. लिव्हरवर गाठ किती हलक्या हाताने मारायची हे कुठलं पुस्तक शिकवणार?

आता रक्तस्राव. प्रिंगलने 1908 मध्ये सांगितलेली युक्ती तुम्हाला तोंडपाठ असेल: विन्स्लोच्या फोरामेनमध्ये, म्हणजे मागच्या फटीत, बोट घालून हेपॅटोड्युओडेनल लिगामेंट (पोर्टल व्हेन आणि आर्टरी ज्यातून येतात तो पदर) चिमटीत धरायचं. पण तिचा अर्थ लावा. येणारं रक्त तुम्ही बंद केलंत. तरीही पोट भरत असेल तर रक्त जाणाऱ्या बाजूने येतंय, म्हणजे हेपॅटिक व्हेन किंवा लिव्हरमागची आयव्हीसी. अपवाद एक, लेफ्ट गॅस्ट्रिकमधून (जठराच्या धमनीतून) येणारी वेगळी डावी हेपॅटिक आर्टरी. ती लेसर ओमेंटमच्या डावीकडच्या भागातून (जठर आणि लिव्हरमधल्या पडद्यातून) जाते आणि तुमच्या चिमटीत सापडत नाही. ठरवून केलेल्या रिसेक्शनमध्ये (लिव्हरचा भाग काढण्याच्या शस्त्रक्रियेत) साधारणतः 15 मिनिटं क्लॅम्प, 5 मिनिटं मोकळं, असं चालतं. जाणाऱ्या बाजूचं रक्त कमी करणं भूलतज्ज्ञाच्या हातात असतं, सीव्हीपी (हृदयाजवळच्या मोठ्या शिरांमधला दाब) खाली ठेवून. म्हणून त्यांच्याशी आधी बोलून घ्या.

कार्याकडेही याच प्रश्नाने बघा. लिव्हरला येणाऱ्या रक्तापैकी सुमारे 75 टक्के पोर्टलचं, 25 टक्के आर्टरीचं. ऑक्सिजन मात्र दोघांकडून जवळपास निम्मा निम्मा. हेपॅटोसेल्युलर कार्सिनोमा (लिव्हरच्या पेशींचा कर्करोग) मुख्यतः आर्टरीवर जगतो, म्हणून सीटीच्या आर्टेरियल फेजमध्ये (रंगद्रव्य धमन्यांत असतानाच्या टप्प्यात) तो चमकतो आणि नंतरच्या फेजमध्ये आजूबाजूपेक्षा काळपट पडतो. टेसमध्ये (गाठीच्या आर्टरीतून केमो देण्याच्या उपचारात) आर्टरी बंद करून गाठ मारता येते आणि निरोगी लिव्हर पोर्टलवर तग धरतं, तेही त्यामुळेच. उलट, काढायच्या बाजूची पोर्टल व्हेन आधी बंद केली की राहणारी बाजू काही आठवड्यांत वाढते. किती उरायला हवं? निरोगी लिव्हर असेल तर 20 ते 25 टक्के, बरीच केमो झाली असेल तर 30, सिऱ्होसिसमध्ये 40.

रिपोर्ट वाचताना रेसिडेंट एसजीपीटीला (लिव्हरच्या पेशींतल्या एन्झाइमच्या आकड्याला) घाबरतात. तो इजा सांगतो, ताकद नाही. ताकद बघायची तर आयएनआर (रक्त गोठण्याची चाचणी) आणि अल्ब्युमिन (लिव्हर बनवतं ते प्रथिन). अल्ब्युमिनचं अर्धायुष्य जवळपास तीन आठवडे, रक्त गोठवणाऱ्या फॅक्टर सेव्हनचं काही तास. म्हणून कालपरवा बिघडलेलं लिव्हर आयएनआर आधी दाखवतो. काविळीत आयएनआर वाढलेला असेल तर व्हिटॅमिन के टोचा. सुधारला तर पेशी शाबूत आहेत, पित्त आतड्यात पोचत नव्हतं म्हणून व्हिटॅमिन शोषलं जात नव्हतं. नाही सुधारला तर दुखणं लिव्हरच्या पेशीत आहे.

आपल्याकडचे पेशंट पुस्तकातल्या क्रमाने येत नाहीत. दारू पिणारा तरुण, ताप, उजव्या बरगडीखाली दुखणं, खांदा धरलेला: अमिबिक ॲब्सेस (अमिबामुळे झालेला पुवाचा साठा) समजून चाला. पुस्तकातला अँकोव्ही सॉस आपल्यापैकी कुणी चाखलेला नाही. दाट, चॉकलेटी, सहसा वास नसलेला पू एवढं ध्यानात ठेवा. बहुतेक मेट्रोनिडॅझोलवर बसतात. डाव्या लोबमधला असेल तर गाफील राहू नका, तो पेरिकार्डियममध्ये फुटू शकतो. पण सुई उचलण्याआधी पेशंट कुठला, काय करतो, हे विचारा. जत, आटपाडी, माणकडचा मेंढपाळ, सोबत कुत्री, आणि सोनोग्राफीत सिस्टच्या आत पडदे किंवा छोट्या सिस्ट दिसत असतील तर हायडॅटिड (कुत्र्यांच्या जंतामुळे होणारी सिस्ट) असू शकतो. त्यात बेसावधपणे सुई घातली तर ॲनाफिलॅक्सिस (जीवघेणी ॲलर्जी) आणि पोटभर नव्या सिस्ट, दोन्ही पदरात पडतात. आधी जंतावरचं अल्बेंडॅझोल, मग ठरवून काय ते.

काविळीचा पेशंट गावचं झाडपाल्याचं औषध घेऊन, पथ्य पाळून, अंग खाजवत महिन्याने येतो. त्याच्यावर ओरडू नका. खाज आणि पांढरी शौच विचारा, आणि गॉलब्लॅडर हाताला लागतं का बघा. लागत असेल आणि दुखत नसेल तर नुसता खडा असण्याची शक्यता कमी. स्वादुपिंडाचं डोकं किंवा पित्तनलिकेच्या टोकाची गाठ शोधा.

बड-किआरीत (हेपॅटिक व्हेन तुंबण्याच्या आजारात) कॉडेट का फुगतो, हा व्हायव्हाचा लाडका प्रश्न. कॉडेटच्या बारीक व्हेन थेट आयव्हीसीत उघडतात. मोठ्या तिन्ही तुंबल्या तरी त्याचं रक्त जात राहतं. परत तोच प्रश्न.

आणि कारखान्याच्या हंगामात उसाच्या ट्रॉलीखाली आलेला माणूस. बीपी टिकून असेल तर सीटी करा, आयसीयूत ठेवा, दर काही तासांनी पोट बघा. लिव्हर फाटलेलं दिसलं म्हणून पोट उघडायची घाई नको. बीपी टिकत नसेल आणि फास्टमध्ये (पोटाच्या झटपट सोनोग्राफीत) रक्त असेल तर थेट ओटी, म्हणजे ऑपरेशन थिएटर. तिथे शिवणकाम करत बसू नका, पॅक करा, म्हणजे कापडी घड्या दाबून ठेवा. पॅक भेगेत कोंबायचे नाहीत, त्यानं भेग वाढते. लिव्हरच्या वरून आणि खालून दाबून तिच्या कडा जवळ आणायच्या. 24 ते 48 तासांनी, पेशंट गरम झाल्यावर आणि रक्त गोठायला लागल्यावर, परत उघडायचं. किती पॅक ठेवले ते ऑपरेशन नोटमध्ये ठळक लिहा, कारण काढायला त्या रात्री जागलेली टीमच असेल असं नाही.