पंतप्रधान सक्षम आहेत का, हे विचारण्यात माझे एक वर्ष कसे गेले

तुम्ही लिहिले आहे की, ‘देश चालवण्याची कुवत पंतप्रधानांकडे आहे की नाही, हे ठरवायचे कसे?’ एवढाच प्रश्न घरच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला, तर मामांनी ‘आधी स्वतःचे राहिलेले विषय सोडव’ म्हणून सुनावले, एका चुलतभावाने सरळ देशद्रोही ठरवले आणि दुसरा सगळ्याच पुढाऱ्यांच्या पदव्या काढत बसला. आता हाच प्रश्न माहितीच्या अधिकारात सरकारलाच विचारावा का, असे तुम्ही विचारता आहात. तुम्ही जुळे सोलापुरातले आणि मी पूर्व भागातला, वयातही तीसेक वर्षांचे अंतर असावे. पण हा अर्ज मी २०१७ साली करून बसलो आहे, म्हणून सविस्तर लिहितो. मी वकील नाही, आणि मत कोणाला देतो ते येथे सांगणार नाही.

अर्ज कसा करायचा, शुल्क किती, हे सगळीकडे लिहिलेले आहे, त्यात वेळ घालवत नाही.

मी तेव्हा टॉवेल विणणाऱ्या एका लहान यंत्रमाग कारखान्यात हिशेब लिहीत असे. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री ५०० व १,००० रुपयांच्या नोटा बाद झाल्या आणि त्याच आठवड्यापासून पगाराच्या वहीत मला पेन्सिलने एक जादा रकाना आखावा लागला: ‘बाकी, सुट्टे नाहीत’. चालू खात्यातून आठवड्याला ५०,००० रुपये काढण्याची मुभा पुढे मिळाली, पण हातात येत त्या बहुतेक २,००० च्या नोटा. दोघातिघांना मिळून एक नोट द्यायची आणि ‘आपसांत वाटून घ्या’ म्हणायचे, असा तो पगार. कांडी भरणाऱ्या एका बाईंनी ती नोट दुसऱ्या दिवशी परत आणून माझ्या टेबलावर ठेवली. किराणावाला सुट्टे देत नव्हता, आणि नोट ज्या दोघींबरोबर वाटून घ्यायची त्या तिच्या मागे दारात उभ्या होत्या. त्या रागात मी अर्ज लिहिला.

चूक काय झाली ते नीट सांगतो, कारण तुम्ही येथे टाकलेल्या अर्जाच्या मसुद्यातही मला तीच दिसते आहे. माझा प्रश्न असा होता: ‘हा निर्णय घेणाऱ्या व्यक्तीची अर्थविषयक क्षमता कोणत्या निकषांवर तपासण्यात आली होती, आणि पुरेशी तयारी नसताना निर्णय का घेण्यात आला?’ लिहून झाल्यावर मी स्वतःवर फार खूश होतो. मालकांना वाचून दाखवला, त्यांनाही आवडला. ज्या कार्यालयाकडे पाठवला त्याने अठ्ठाविसाव्या दिवशी तो दुसऱ्या कार्यालयाकडे वर्ग केला. कायद्याच्या कलम ६(३) प्रमाणे अर्ज वर्ग करायला पाच दिवस असतात, पण ते असो. दुसऱ्याने तिसऱ्याकडे धाडला आणि तिसऱ्याने, पत्रावर पहिल्याचाच पत्ता घालून, ‘आवश्यक कार्यवाहीस्तव’ परत पाठवला. शेवटी एका ओळीचे उत्तर आले की मागितलेली बाब ‘माहिती’ या व्याख्येत बसत नाही. मी पहिले अपील केले. सुनावणीसाठी एक दिवसाचा पगार आणि गाडीभाडे घालवून गेलो, आणि तेथील साहेब माझ्याकडे न पाहता म्हणाले, ‘तुम्ही आमच्याकडे मत मागता आहात, कागद मागा.’

या वाक्याचा मला पुढे कित्येक महिने संताप होता, कारण बोलण्याची पद्धत उर्मट होती. पण वाक्य बरोबर होते. माहिती अधिकारात कार्यालयाजवळ जे आधीपासून नोंदलेले आहे तेवढेच मिळते. नवे मत बनवून देणे किंवा ‘का’ याचे स्पष्टीकरण लिहून देणे त्यांच्यावर बंधनकारक नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या एका निकालात हे स्पष्ट केले आहे. मात्र याच कायद्याच्या कलम ५(३) मध्ये माहिती अधिकाऱ्याने अर्जदाराला वाजवी साहाय्य करावे असेही लिहिले आहे. मग पहिल्याच दिवशी कोणी सांगितले असते की ‘बाबा रे, टिपणी माग, परिपत्रकाची प्रत माग’, तर तीन कार्यालयांचे टपाल आणि माझे वर्ष, दोन्ही वाचले असते. तीन ठिकाणच्या किमान सहा माणसांनी तो कागद वाचला असेल आणि प्रत्येकाला चूक कुठे आहे ते दिसले असणार. कोणी पोस्टकार्डावरही कळवले नाही.

दुसऱ्या वेळी मी माणसाचे नावच काढून टाकले. नोव्हेंबर ते जानेवारी या काळात आपल्या जिल्ह्यात १०० व ५०० च्या किती नोटा आल्या, याच्या आठवडावार नोंदींची प्रत मागितली. दोन पानी तक्ता आला, एक रकाना कोरा ठेवून. त्यात कोणाचीही योग्यता लिहिलेली नव्हती. पण कोणत्या आठवड्यात माझ्या वहीतला पेन्सिलीचा रकाना का भरला होता, ते त्यावरून मला समजले.

म्हणून माझे आग्रही मत असे की, ‘नेता सक्षम आहे का’ हा प्रश्न त्या रूपात कोणालाच विचारू नये, कार्यालयालाही नाही आणि मामांनाही नाही. आपल्या राज्यघटनेने पंतप्रधानासाठी क्षमतेची कसलीच परीक्षा ठेवलेली नाही. लोकसभेसाठी वयाची २५ आणि राज्यसभेसाठी ३० वर्षे पूर्ण हवीत, नागरिकत्व हवे. शिक्षणाची अट नाही, आणि माझ्या मते ती नसावीच, त्यामुळे पदव्यांचा तो सगळा वाद मी बिनकामाचा समजतो. (शपथपत्रात खोटे लिहिणे ही गोष्ट वेगळी आणि गंभीर आहे.) मंत्रिमंडळ जबाबदार असते ते लोकसभेला, आणि लोकसभा मोजते ते विश्वासाचे मत. १९९९ च्या एप्रिलमध्ये वाजपेयींचे सरकार २६९ विरुद्ध २७० असे एका मताने पडले. त्या एका मताने त्यांची कुवत रातोरात कमी झाली असे त्यांचे विरोधकही म्हणणार नाहीत, आणि त्याच वर्षी मतदारांनी त्यांना पुन्हा निवडून दिले. क्षमता पाहण्याचे काम त्यामुळे आपल्याकडे, म्हणजे नागरिकांकडेच उरते, आणि ते एकेका निर्णयाची कागदपत्रे धरूनच करता येते.

तुमच्या मामांना १९६२ चे उदाहरण द्या, म्हणजे ‘तू एकाच पक्षाच्या मागे लागला आहेस’ हा आरोप गळून पडेल. चीनकडून पराभव झाला, संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना जावे लागले, यशवंतराव चव्हाण दिल्लीला गेले आणि ‘सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला’ हे वाक्य आपल्याकडे घरोघरी पोचले. पुढच्याच वर्षी आचार्य कृपलानी यांनी नेहरूंच्या सरकारविरुद्ध लोकसभेतील पहिला अविश्वास प्रस्ताव आणला; तो फेटाळला गेला, पण चर्चा झाली. मात्र त्या युद्धाची लष्करी चौकशी करणारा हेंडरसन ब्रुक्स अहवाल आजपर्यंत कोणत्याही पक्षाच्या सरकारने अधिकृतपणे खुला केलेला नाही. त्यामुळे नेहरू त्या प्रसंगी कमी पडले की नाही, यावर साठ वर्षांनंतरही लोक भक्तीने नाहीतर द्वेषाने बोलतात.

नोटाबंदीचे तसे नाही, तिचे पुष्कळ कागद उघडे आहेत. रिझर्व्ह बँकेच्या २०१७-१८ च्या वार्षिक अहवालाप्रमाणे बाद झालेल्या १५.४१ लाख कोटींपैकी १५.३१ लाख कोटी रुपये, म्हणजे ९९.३ टक्के, परत आले. काळा पैसा बँकेत येणारच नाही असे ज्यांनी गृहीत धरले होते त्यांना हा आकडा विचारावा. व्यवहार नोंदीत आले, करदाते वाढले, असे समर्थक म्हणतात; त्याचेही आकडे मागवावेत आणि ते खरे निघाले तर मान्य करावेत. सर्वोच्च न्यायालयाने २ जानेवारी २०२३ रोजी चार विरुद्ध एक अशा बहुमताने तो निर्णय वैध ठरवला, हे तुमचे मामा नक्की सांगतील, आणि ते खरे आहे. पण निर्णय कायदेशीर होता की नाही आणि तो शहाणपणाचा होता की नाही, हे दोन प्रश्न आहेत. पैसे काढण्याच्या मर्यादा वारंवार बदलल्या गेल्या, यातही एकाला पूर्वतयारीचा अभाव दिसतो, तर दुसऱ्याला चूक लवकर सुधारण्याची तयारी. मला स्वतःला पहिले दिसते. परंतु पगाराची वही माझ्या हातात होती, तेव्हा माझ्या मताला तेवढी वजावट द्यावी.

देशद्रोहाबद्दल थोडक्यात. सरकारवर कठोर टीका करणे म्हणजे राजद्रोह नव्हे, हे केदारनाथ सिंह खटल्यात १९६२ मध्येच ठरले आहे. तरीही १ जुलै २०२४ पासून नवी न्यायसंहिता लागू आहे आणि तिच्या कलम १५२ ची (देशाचे सार्वभौमत्व व ऐक्य धोक्यात आणणाऱ्या कृत्यांचे कलम) भाषा बरीच सैल आहे, तेव्हा फोटोत फेरफार करणे, ऐकीव आरोप पुढे ढकलणे असले उद्योग करू नका. शिवाय अब्रुनुकसानी निराळीच. तुम्हाला देशद्रोही म्हणणाऱ्या चुलतभावाला मात्र एकदा आपल्या सोलापुरातल्या चार हुतात्मा पुतळ्यांपाशी घेऊन जा. १२ जानेवारी १९३१ रोजी ब्रिटिश सरकारने फाशी दिलेल्या त्या चौघांपैकी कुर्बान हुसेन वृत्तपत्र चालवीत असत, एवढे तरी त्याला ठाऊक असावे.

राज्याच्या कार्यालयाकडे अर्ज करणार असाल तर आपल्याकडच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. त्याआधी लोकसभेच्या संकेतस्थळावर तारांकित व अतारांकित प्रश्नांची उत्तरे शोधा, बरेचदा हवी ती माहिती एखाद्या खासदाराने आधीच विचारून ठेवलेली असते. तुमच्या मसुद्यातील ‘पंतप्रधानांची पात्रता’ आणि ‘का’ हे शब्द काढा, कोणत्या निर्णयाचा कोणता कागद हवा ते लिहा आणि येथेच परत टाका. रविवारी सकाळी मी वाचून ठेवीन.