टोरंटोला फिरायला जाताना कपडे आणि कॉस्मेटिक्सची खरेदी कुठून करावी?

तुम्ही ऑक्टोबरमध्ये बारा दिवस टोरंटोला जाताय. मॉल कुठले, सेल कधी, विमानतळावर टॅक्स परत मिळतो का, असं बरंच विचारलंय. पण पत्राच्या शेवटी एक ओळ आहे: बहीण, दोन जावा आणि भाचीसाठी फाउंडेशन आणायचंय, सगळ्यांना चालेल असा शेड कुठला? मी लिहायला बसले ती त्या ओळीमुळे. सगळ्यांना चालेल असा शेड नसतो. लिपस्टिक आणा, काजळ आणा, हँडक्रीम आणा. दुसऱ्याच्या चेहऱ्याचा रंग अंदाजाने विकत घेऊ नका.

बाकीचं पटापट सांगते. ईटन सेंटर ऐन शहरात आहे, सबवेच्या क्वीन स्टेशनला उतरलात की आतूनच वाट आहे. यॉर्कडेललाही सबवेने जाता येतं, तिथे महागडे ब्रँड जास्त. आउटलेटची हौस असेल तर व्हॉन मिल्ससाठी अख्खा दिवस ठेवा. कपड्यांसाठी माझं मत विचाराल तर विनर्स नावाची दुकानं. मोठ्या ब्रँडचा उरलेला माल तिथे येतो, एकेका मापाचे एक-दोनच नग असतात, आवडलं तर तेव्हाच उचलायचं. उंची बेताची असेल तर आधी 'पेटीट' विभागात शिरा, नाहीतर इथे येऊन बाह्या आणि पँट्स कापून घ्याव्या लागतात. जेरार्ड स्ट्रीटचा इंडिया बझार तिथे राहणाऱ्यांसाठी ठीक आहे. इथून जाऊन तिथून ड्रेस मटेरियल आणण्यात काही अर्थ नाही. आणि कुणी जुन्या आठवणीवर 'हडसन्स बे'ला जा म्हणालं तर ते यादीतून खोडा. १६७० सालची कंपनी ती, पण तिची सगळी दुकानं जून २०२५ च्या सुरुवातीला कायमची बंद झाली.

टॅक्स परत मिळत नाही. पर्यटकांना खरेदीवर परतावा द्यायची योजना कॅनडाने २००७ मध्येच गुंडाळली. लेबलावरच्या किमतीवर ओंटारियोत, म्हणजे टोरंटोच्या प्रांतात, १३ टक्के एचएसटी (आपल्या जीएसटीसारखा विक्रीकर) लागतो आणि तो थेट बिलातच दिसतो. लहान मुलांच्या कपड्यांवर आणि बुटांवर ५ टक्केच. मोठे सेल नोव्हेंबरअखेर ब्लॅक फ्रायडेला आणि २६ डिसेंबरला, म्हणजे तुमच्या हाती लागणार नाहीत. ऑक्टोबरचा दुसरा सोमवार थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीचा, त्या दिवशी बरीच दुकानं बंद असतात, तेवढं लक्षात ठेवा.

आता फाउंडेशन.

माझी मावशी १९८८ पासून टोरंटोला लागून असलेल्या मिसिसागाला राहते. आई आणि मावशी सख्ख्या बहिणी. मावशी आजीसारखी गोरी, आई आजोबांच्या रंगावर गेलेली, मी आईच्या. दोन-तीन वर्षांनी मावशी सातारला आजोळी यायची आणि माजघरात बॅग उघडली की सगळ्या बायका भोवती बसायच्या. १९९४ ला माझ्या लग्नात तिने माझ्यासाठी फाउंडेशन आणि कॉम्पॅक्ट आणला. माझ्यापेक्षा तीन शेड तरी फिकट. मला दिसत होतं, खोलीतल्या सगळ्यांना दिसत होतं. "नवरीने जरा उजळ दिसायलाच हवं," म्हणत तिनेच ते मला लावलं. अल्बममध्ये माझा चेहरा राखाडी आलाय. मान आणि दंड मात्र माझेच आहेत. सासरी तो अल्बम पंचवीस वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्यांना दाखवला गेला आणि दर वेळी मी चहा टाकायला आत गेले.

आईसाठी मावशीने स्वेटर आणले, बदाम आणले, चॉकलेटं आणली. चेहऱ्याला लावायचं काही कधीच आणलं नाही. आईने मागितलंही नाही.

२०१९ च्या सप्टेंबरात आई आणि मी पाच आठवडे मावशीकडे गेलो. माझ्या मुलीचं लग्न पुढच्या फेब्रुवारीत होतं. एके दिवशी मावशी आम्हाला डाउनटाउनला घेऊन गेली, नातीला नवरीचा मेकअप तिच्याकडून म्हणून. मेकअपच्या काउंटरवर उभी राहून म्हणाली, "पोरगी तुझ्यावर गेलीये ना, मग दोन शेड वरचा घेऊ."

काउंटरवरची मुलगी टोरंटोच्याच स्कारबरो भागातली, तमिळ, आईवडील श्रीलंकेतल्या जाफनाहून आलेले. तिने विचारलं, नवरी कुठे आहे? पुण्यात, म्हटल्यावर तिने हातातली बाटली खाली ठेवली. म्हणाली, चेहरा समोर नसताना मी शेड देत नाही. मग आईकडे वळून म्हणाली, "अम्मा, तुम्ही बसा."

आई तेव्हा अडुसष्ट वर्षांची. सहावारी साडी, वर मावशीचा कोट, पायात स्पोर्ट्स शूज. तिला उंच स्टुलावर बसवून तिच्या चेहऱ्याकडे इतक्या बारकाईने याआधी कुणी पाहिलं नव्हतं. त्या मुलीने जबड्याच्या कडेवर, गालाकडून मानेकडे, तीन पट्टे ओढले. सांगितलं, आतल्या दिव्यांवर भरवसा ठेवू नका, बाहेर उजेडात वीस मिनिटं फिरून या, लावल्यावर रंग थोडा गडद होतो. आम्ही तिघी यंग स्ट्रीटच्या फुटपाथवर आलो. गार वारा होता पण ऊन छान पडलं होतं. वरचा आणि खालचा पट्टा स्पष्ट दिसत होता. मधला शोधून सापडेना. आईने एका दुकानाच्या काचेत वाकून बघितलं आणि म्हणाली, "मधला दिसतच नाही की गं."

मावशी म्हणाली, "मग पैसे घालून उपयोग काय, ताई?"

त्यावरून आमचं भांडण झालं, तिथेच, भर रस्त्यात. मी पंचवीस वर्षांचं सगळं बोलले. अल्बमचं बोलले, चहाचं बोलले, आईच्या बदामांचं बोलले. मावशी म्हणाली, "मी मायेनं आणलं आणि तू हिशेब ठेवलास." आई आमच्या मध्ये पडली नाही. ती सरळ आत गेली आणि बाबांनी बदलून दिलेल्या नोटांतून मधल्या पट्ट्याची बाटली घेतली. ३९ डॉलर, टॅक्स धरून ४४.०७, रोख दिले म्हणून ४४.०५. (एक सेंटची नाणी तिथे २०१३ पासून देत नाहीत, रोखीचा व्यवहार पाच सेंटच्या पटीत करतात.) मुलीसाठी मी काहीच घेऊ दिलं नाही. मिसिसागापर्यंत गाडीत कुणी बोललं नाही.

मावशीच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या रस्त्यावर नीट देता आलं नाही, म्हणून इथे देते. फाउंडेशन दिसू नये यासाठीच असतं. वांग, डाग, डोळ्यांखालचं काळं झाकायचं आणि त्वचेचा रंग होता तोच ठेवायचा. रंग बदलायला घेतलेलं फाउंडेशन वाया गेलेलं फाउंडेशन आहे, कितीही महाग असो. आणि हे मावशीला कळू नये याचं मला जास्त वाईट वाटतं, कारण ती राहते त्याच भागात हे सगळं घडलंय. मॅक ही मेकअपची कंपनी १९८४ मध्ये टोरंटोतच सुरू झाली. फ्रँक टोस्कन मेकअप करायचा आणि फोटो काढायचा, फ्रँक अँजेलोचे सलोन होते, आणि सगळ्या वयांच्या, सगळ्या वंशांच्या माणसांसाठी मेकअप हे त्यांनी घोषवाक्यच केलं. त्यांच्या शेडमध्ये एनसी म्हणजे सोनेरी-पिवळसर झाक असलेल्या त्वचेसाठी आणि एनडब्ल्यू गुलाबीसर झाकेसाठी. नंबर वाढेल तसा रंग गडद. आपल्यापैकी बहुतेकींना एनसी जुळतो. पण हे वाचून तुमच्या जावांचा नंबर ठरवू नका.

तुमच्यासाठी घ्यायचं तर चेहऱ्याला काही न लावता सकाळी जा, पट्टे ओढून घ्या, उजेडात फिरा, आणि शक्य झालं तर दुसऱ्या दिवशी जाऊन विकत घ्या. भाचीला तिच्या गावातल्या काउंटरवर न्या आणि पैसे तुम्ही द्या. हीच खरी भेट. आणि कुणी तुम्हाला "जरा उजळ घे" म्हणालं, तर त्या बाईला काचेसमोर उभं करा.

सीरम वगैरे आणायचं असेल तर द ऑर्डिनरी हाही टोरंटोचाच ब्रँड, २०१६ चा, तिथल्या हिशेबाने स्वस्त. पण आता तो भारतातही मिळतो, त्यामुळे बॅगा भरू नका. त्यातली अ‍ॅसिडवाली उत्पादनं लावली की दिवसा सनस्क्रीन हवंच. तिथल्या सनस्क्रीनवर डीआयएन किंवा एनपीएन असा सरकारी मान्यतेचा आठ आकडी नंबर असतो, तो बघून घ्या. जाड हिवाळी क्रीमं मात्र आणू नका, मी आणली होती, आपल्याकडच्या जूनच्या दमटपणात चेहरा तेलकट होतो. १०० मिलीवरचं कुठलंही क्रीम किंवा द्रव विमानात हातातल्या बॅगेत ठेवू नका.

मावशीबद्दल एवढं वाचून तुमचा गैरसमज होऊ नये. माझ्या बाळंतपणात ती दोन महिने येऊन राहिली होती. आजीने तिला "माझी गोरी" म्हणूनच हाक मारली आणि आईला नावाने, तेव्हा हे सगळं तिच्यापासून सुरू झालेलं नाही. तरीही फाउंडेशनच्या बाबतीत ती चूक होती आणि मी बरोबर होते.

मुलीने तिचा शेड पुण्यात स्वतः जाऊन घेतला. तिच्या लग्नातल्या फोटोत आई मावशीच्या शेजारी बसली आहे आणि आईचा चेहरा आणि मान एकाच रंगाची आहे. ती बाटली दीड वर्ष पुरली. तोच नंबर पुण्यातही मिळतो, आता आई एकटीच रिक्षाने जाऊन घेऊन येते.