फासा चार वेळा टाकला तर सहा पडण्याची शक्यता ४/६ का नाही?

तुमचा प्रश्न: एका फेकीत सहा पडण्याची शक्यता १/६, मग चार फेकींत किमान एकदा सहा पडण्याची शक्यता ४/६ का नाही?

त्याच हिशेबाने सात वेळा टाका. ७/६ येईल, म्हणजे खात्रीच्याही वर! ल्युडो खेळलेल्या कुणालाही विचारा, सातव्या फेकीनंतरही सोंगटी घरातच बसलेली असू शकते.

चार फेकींत आकडे पडण्याचे एकूण प्रकार ६×६×६×६ = १२९६. सहा अजिबात नको असेल तर दर फेकीला पाचच आकडे उरतात, म्हणून ५×५×५×५ = ६२५. राहिलेल्या ६७१ प्रकारांत कुठे ना कुठे सहा आहेच. ६७१/१२९६, साधारण ५१.८ टक्के. गणितात ‘किमान एकदा’ दिसलं की मी डोळे झाकून आधी ‘एकदाही नाही’ काढतो आणि १ मधून वजा करतो.

पण तुमचं ४/६ आलं कुठून? ते ६७१ फोडून बघा. नेमका एकच सहा: त्याला चारपैकी कुठलीही जागा, बाकी तीन जागी पाच-पाच आकडे, म्हणून ४×१२५ = ५००. दोन सहा: जागांच्या जोड्या ६, प्रत्येकीत २५, म्हणून १५०. तीन सहा २०, चारही सहा १. बेरीज बरोबर ६७१. आता ४/६ म्हणजे १२९६ पैकी ८६४, आणि ५०० + १५०×२ + २०×३ + १×४ = ८६४! ज्या प्रकारात दोन सहा, तो तुम्ही दोनदा मोजलात. तीन, तर तीनदा. म्हणजे ४/६ हे उत्तर आहे, पण ‘सरासरी किती सहा पडतील’ या वेगळ्याच प्रश्नाचं.

फ्रान्समधले जुगाराचे शौकीन द मेरे यांचाही असाच घोटाळा झाला होता. एका फाशावर सहाची शक्यता निम्म्याच्या वर जायला चार फेकी पुरतात, तर दोन फाशांवर (जिथे ६ ऐवजी ३६ प्रकार होतात) सहा-सहाची जोडी पडायला सहापट, म्हणजे २४ पुरायला हव्यात, असं त्यांचं त्रैराशिक. गणितज्ञ पास्कालने १६५४ साली दुसरा गणितज्ञ फर्मा याला लिहिलेल्या पत्रात ही तक्रार आली आहे. ३५/३६ चा २४ वा घात १ मधून वजा केला तर ४९.१ टक्केच येतात. पंचविसावी फेक मिळाली की मात्र ५०.५.

परवा माझ्या भाच्याला पहिल्या दहा फेकींत एकही सहा पडला नाही. फासा खोटा आहे म्हणून रुसून बसला. एकट्याच्या बाबतीत हे घडण्याची शक्यता (५/६) चा दहावा घात, सुमारे १६ टक्के. पण आम्ही खेळत होतो चौघे, आणि चौघांपैकी किमान एकावर ही पाळी येण्याची शक्यता निम्म्याहून किंचित जास्तच निघते. करून बघा, वरचीच युक्ती लागते.