जुनी जॅग्वार घ्यायची आहे, एमओटीच्या, म्हणजे ब्रिटनमधल्या गाड्यांच्या वार्षिक तपासणीच्या, नोंदी कशा वाचायच्या?

प्रश्न: आमच्या ह्यांचा जॅग्वारवर फार जुना जीव आहे. आता १९९९ची एक एक्सके८ कन्व्हर्टिबल विकायला आली आहे, साडेसात हजार पौंडांना. विकणारे गृहस्थ म्हणतात, "गेल्या दोन्ही एमओटी एका फटक्यात पास." मी गाडीचा नंबर टाकून सरकारी साइटवरच्या नोंदी काढल्या. २०१७ आणि २०१८मध्ये दोन्ही बाजूंच्या सिलला (दारांखालच्या पत्र्याला) गंज असल्याची अ‍ॅडव्हायजरी, म्हणजे नापास न करता दिलेला इशारा. २०१९मध्ये डाव्या सिलच्या गंजामुळे नापास, दुसऱ्याच दिवशी पास. मग थेट २०२३ : पास, 'खालच्या बाजूला जाड अंडरसील' (गंज रोखायला लावलेला थर) एवढाच शेरा. २०२४मध्ये पास, शेरा काहीच नाही. मैल ८४,९००वरून ८५,४००. घ्यावी का? – एक वाचक, स्लाव

उत्तर: ताई, नोंदी तुम्ही स्वतः उघडून वाचल्यात हे फार बरं केलंत. २००५पासूनच्या नोंदी तिथे फुकट मिळतात आणि तरीही कितीतरी लोक फक्त शेवटचं 'पास' बघून पैसे मोजतात. तुम्ही तसं करू नका. २०१८पर्यंत दोन्ही सिलवर असलेला गंज २०२३मध्ये गेला कुठे, हे कळेपर्यंत बयाणासुद्धा देऊ नका.

गंज आपण होऊन बरा होत नाही. २०१९मध्ये डाव्या सिलवर अडली आणि एका दिवसात सुटली, म्हणजे बहुधा तेवढ्या जागेवर पत्र्याचा तुकडा वेल्ड करून घेतला. उजव्या सिलचं काय झालं? ती नापास होण्याइतकी कुजली नव्हती, एवढंच तेव्हा म्हणता येत होतं. त्यानंतर कधीतरी कुणीतरी खालून काळा थर फासला. मी लेस्टरजवळच्या एका गॅरेजात टेस्टर आहे, म्हणून सांगतो, गाडीचा कुठलाही भाग खोलायची आम्हाला मुभा नसते. बोटाने दाबायचं, ठरलेल्या अवजाराने हलकेच ठोकायचं, फार तर जरासं खरवडायचं. चांगला पत्रा टणकन वाजतो, कुजका बद्द वाजतो. वर जाड अंडरसील असलं की दोन्ही बद्दच वाजतात. म्हणून २०२३च्या टेस्टरने तो शेरा लिहून ठेवला. विकणाऱ्याला ती जमेची बाजू वाटत असेल. मी त्याचा अर्थ असा लावतो, की इथे मला नीट पाहता आलं नाही. २०२४मध्ये शेरा नसला म्हणून थराखालचा पत्रा काही बदललेला नाही.

मधल्या वर्षांचंही विचारा. कोविडमुळे ३० मार्च २०२०पासून संपणाऱ्या एमओटींना सहा महिन्यांची मुदतवाढ मिळाली होती. बाकीचा काळ गाडी बहुधा 'सॉर्न' करून, म्हणजे रस्त्यावर आणणार नाही असं कळवून, उभी करून ठेवली असेल. त्यात गैर काही नाही. पण उभी गाडीही खराब होते. ब्रेकचे कॅलिपर जाम होतात, टायर कडक होतात. एमओटीत आम्ही टायरची नक्षी मोजतो, मधल्या तीन चतुर्थांश भागात १.६ मिलिमीटर लागते. वय मोजत नाही. ते तुम्ही बघा. टायरच्या कडेला चार आकडे असतात, २३१४ असेल तर २०१४च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. पाचशे मैल चाललेल्या गाडीचा टायर दिसायला नवाकोरा असतो, म्हणून हे आकडे वाचायचेच.

आणि एमओटीत इंजिन किंवा गिअरबॉक्स आतून कसा आहे हे तपासलंच जात नाही. या गाडीत तर खर्च तिथेच दडलेला असतो. सुरुवातीच्या चार लिटर व्ही८मध्ये टायमिंग चेन ताणून धरणारे टेन्शनर प्लास्टिकचे होते. ते तडकतात, आणि चेन सुटली तर इंजिनच गेलं. बदलल्याचं बिल मागा. सिलिंडरच्या आत निकासिलचा थर होता, तो त्या काळच्या जास्त गंधकाच्या पेट्रोलने झिजायचा. म्हणून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तपासून घ्या. गाडी पाहायला जाताना इंजिन गार ठेवायला सांगा, गार इंजिन सुरू होतानाचा खडखडाट लपत नाही. ही गाडी फोर्डच्या काळातली, कॉव्हेंट्रीच्या ब्राउन्स लेनची; टाटांनी जॅग्वार घेतली २००८मध्ये. आपल्या घरांत जॅग्वारचं जे कौतुक असतं ते मलाही आहे, पण इथे ते बाजूला ठेवलेलं बरं.

आता काय करायचं? विकणाऱ्याकडे २०१९च्या वेल्डिंगचं बिल आणि अंडरसील लावण्यापूर्वीचे फोटो मागा. लॉगबुकवरचा, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावरचा, अकरा आकडी क्रमांक टाकला की कोणती टेस्ट कुठल्या केंद्रात झाली तेही दिसतं, तोही मागून घ्या. मग जॅग्वारचंच काम करणाऱ्या एखाद्या स्वतंत्र गॅरेजात गाडी लिफ्टवर चढवून तासभर नीट पाहून घ्या. फोटो आणि बिलं मिळाली, उजवी सिल टणक निघाली, तर थोडी घासाघीस करून अवश्य घ्या. एक्सके८ चालवण्याचं सुख खरोखर मोठं आहे. कागद नसतील तर दुसरी शोधा. मी असतो तर दर वर्षी दोन-चार अ‍ॅडव्हायजरी मिळून पुढच्या वर्षी त्या बिलासकट मिटलेल्या दिसतात, अशी गाडी निवडली असती, मग ती मधे दोनदा नापास झालेली का असेना.

प्रश्न: ब्रॅडफर्डहून जुनी मर्सिडीज एसएल घेतली, एमओटी संपलेली आहे. चालवत रेडिंगला आणू का? – एक वाचक, रेडिंग

उत्तर: नका आणू. एमओटी नसताना आधी वेळ ठरवलेल्या टेस्टला किंवा दुरुस्तीला गाडी नेता येते, तीही विमा असेल आणि गाडी रस्त्यावर धोकादायक नसेल तरच. वेळ ब्रॅडफर्डमध्येच घ्या. पास झाली की तिथेच ऑनलाइन रोड टॅक्स भरा, कारण आधीच्या मालकाचा टॅक्स तुम्हाला चालत नाही. नापास शेऱ्यात 'डेंजरस' हा शब्द असला तर मात्र ट्रेलरच मागवावा लागेल.