सम्राज्ञीच्या मांडीवर मूल का नाही?

या महिन्यात टॅरोच्या, म्हणजे भविष्य पाहण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या चित्रमय पत्त्यांच्या संचातल्या, एकाच पत्त्याविषयी तीन पत्रे आली आहेत. तो पत्ता म्हणजे 'एम्प्रेस', अर्थात सम्राज्ञी. बावीस मेजर अर्कानांपैकी, म्हणजे संचातल्या मुख्य चित्रपत्त्यांपैकी, ज्याच्या माथ्यावर रोमन तीनचा आकडा असतो तो. पहिल्या पत्राचे उत्तर बरेच लांबले आहे आणि ते मी तसेच राहू दिले आहे, कारण त्यातला प्रश्न केवळ चिन्हांच्या अर्थापुरता नाही.

प्रश्न : माझे वय ३४ असून लग्नाला सहा वर्षे झाली आहेत. दोन वर्षांपासून आम्हाला मूल हवे आहे. मैत्रिणीच्या आग्रहावरून मी टॅरो वाचणाऱ्या एका बाईंकडे गेले. सम्राज्ञीचा पत्ता सुलट आला, तेव्हा 'तीन महिन्यांत गोड बातमी' असे त्यांनी सांगितले, म्हणून डॉक्टरांकडे जाणे मी पुढे ढकलले. चार महिन्यांनी पुन्हा गेले, तर तोच पत्ता उलटा आला आणि 'कूस उजवण्याचा योग दिसत नाही' असे त्या म्हणाल्या. तेव्हापासून ते चित्र डोळ्यांसमोरून हलत नाही. या पत्त्याचा खरा अर्थ काय आहे?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : जे लांबणीवर पडले आहे त्याविषयी सर्वांत आधी लिहिते. एक वर्ष प्रयत्न करूनही गर्भ राहिला नाही तर पती-पत्नी दोघांनी तपासणी करून घ्यावी, आणि स्त्रीचे वय पस्तिशीच्या पुढे असेल तर सहा महिन्यांनंतरच करून घ्यावी, असा वैद्यकशास्त्राचा सर्वसाधारण सल्ला आहे. तुमची दोन वर्षे होऊन गेली आहेत, तेव्हा हे उत्तर वाचाल त्याच आठवड्यात तुम्ही दोघांनी डॉक्टरांची वेळ घ्या. 'दोघांनी' हा शब्द मी मुद्दाम वापरते आहे, कारण मूल न होण्याचे कारण पुष्कळदा पुरुषाकडे असते आणि तरीही आपल्याकडे तपासणीच्या टेबलावर आधी आणि अनेकदा एकटी बाईच जाते. शरीरात काय चालले आहे ते तपासणीत कळते. कागदावर छापलेल्या चित्राला ते कळण्याचा कोणताही मार्ग नाही. मी स्वतः हे पत्ते आवडीने आणि आदराने हाताळते, म्हणूनच हे स्पष्ट लिहिणे मला माझे कर्तव्य वाटते: तुम्हाला आधी जी मुदत दिली गेली आणि नंतर जो निकाल ऐकवला गेला, त्यांपैकी काहीही त्या पत्त्यात नाही.

मग पत्त्यात काय आहे? आज बहुतेकांच्या हाती असतो तो संच लंडनच्या विल्यम रायडर अँड सन या प्रकाशनसंस्थेने १९०९ च्या अखेरीस काढला. त्याची योजना गूढविद्येचे अभ्यासक आर्थर एडवर्ड वेट यांची आणि चित्रे पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीची. तो पत्ता पुन्हा एकदा हातात घ्या आणि या वेळी कोणाचेही बोलणे मनात न आणता पाहा. पिवळ्या आकाशाखाली, उशा-लोडांच्या बैठकीवर एक स्त्री निवांत बसली आहे. डोक्यावर बारा ताऱ्यांचा मुकुट, अंगात डाळिंबांची नक्षी असलेला सैल, पायघोळ झगा, वर उचललेल्या हातात गोल माथ्याचा राजदंड. तो गोल म्हणजे ही पृथ्वी. बैठकीशेजारी हृदयाच्या आकाराची ढाल टेकलेली आहे आणि तिच्यावर शुक्राचे, म्हणजे प्रेमाची रोमन देवता व्हीनस हिचे, चिन्ह आहे. पुढे पिकत आलेले गव्हाचे शेत, मागे दाट झाडी आणि त्या झाडीतून खाली येणारे पाणी. शेताला पाणी आहे, पिकाला वेळ मिळालेला आहे, आणि या सगळ्याची जी स्वामिनी आहे ती घाईत नाही.

या चित्रात मूल मात्र नाही. मांडीवर नाही, पदराशी नाही, मागच्या झाडीतही नाही. मातृत्वाचा पत्ता म्हणून ज्याची ओळख करून दिली जाते त्याच्यावर मूल नाही, ही गोष्ट सहसा कोणी बोलून दाखवत नाही. सैल झग्यावरून ती गर्भवती असावी असे पुष्कळजण वाचतात आणि तसे वाचायला हरकत नाही. परंतु चित्राने तो एकच अर्थ पक्का केलेला नाही. वेट यांनी या संचावर स्वतः लिहिलेल्या पुस्तकात तिला विश्वव्यापी सुफलतेचे रूप म्हटले आहे. शेत, झाडे, पाणी, बोललेला शब्द, हाती घेतलेले काम, जे जे आतून बाहेर येऊन रूप घेते ते सगळे त्या सुफलतेत मोडते. पत्त्याच्या अर्थांची यादी देताना त्यांनी फलदायित्वाच्या जोडीला कृती, पुढाकार आणि दीर्घायुष्य हे शब्द दिले आहेत, आणि त्याच यादीत अडचण, शंका व अज्ञान यांनाही जागा दिली आहे.

आता उलट्या पत्त्याविषयी, कारण तुमची झोप त्याने उडवली आहे. त्याच पुस्तकात सम्राज्ञीच्या उलट्या पत्त्याचे अर्थ प्रकाश, सत्य, गुंतलेल्या गोष्टींची उकल आणि सार्वजनिक आनंद असे दिलेले आहेत, आणि दुसऱ्या एका परंपरेनुसार मनाची दोलायमान अवस्था असा आहे. वांझपणाचा त्यात उल्लेखही नाही. नंतरच्या काळातील अनेक पुस्तकांनी उलट्या सम्राज्ञीला अडलेली निर्मिती किंवा स्वतःची हेळसांड असा अर्थ दिला आणि मनाचा विचार करताना तो उपयोगी पडू शकतो. पण एखाद्या स्त्रीच्या कुशीविषयी निकाल देण्याचा अधिकार त्याने कोणालाही मिळत नाही. पत्त्यांचा जोड पिसताना एखादे पान फिरून उलटे होते, एवढेच तिथे घडलेले असते.

ज्या हातांनी हे चित्र काढले त्यांच्याविषयीही तुम्हाला सांगावेसे वाटते. पामेला कोलमन स्मिथ यांचा जन्म १८७८ चा, लंडनमधला; बालपणाची काही वर्षे जमैकात गेली. त्यांनी लग्न केले नाही आणि त्यांना मूलही नव्हते. सगळा संच त्यांनी काही महिन्यांतच चितारला आणि नोव्हेंबर १९०९ मध्ये छायाचित्रकार आल्फ्रेड स्टीग्लिट्झ यांना लिहिलेल्या पत्रात, एक मोठे काम अगदी थोड्या पैशांत नुकतेच पुरे केले, असे कळवले. पुढे तो संच रायडर आणि वेट यांच्याच नावाने ओळखला जाऊ लागला. त्यांची मात्र चित्राच्या कोपऱ्यातली बारीक सही तेवढी उरली. १९५१ साली कॉर्नवॉलमधल्या ब्यूड या गावी त्यांचे निधन झाले तेव्हा त्यांच्यावर कर्ज होते. तिसऱ्या पत्त्यावरची ती सुफल, भरलेली स्त्री अशा बाईच्या हातून उतरली आहे. तुमच्या डोळ्यांसमोरून ते चित्र हलत नसेल, तर तिथे त्या चित्रकर्तीलाही थोडी जागा द्या.

प्रश्न : सासूबाई तीन वर्षांपासून अंथरुणाला खिळलेल्या आहेत आणि त्यांचे सगळे मीच करते. रोज पहाटे, घर उठण्याआधी, एक पत्ता काढून पाहणे हा माझा एकमेव विरंगुळा आहे. गेल्या काही आठवड्यांत सम्राज्ञी वारंवार येते. माझ्याजवळच्या पुस्तकात 'सर्वांना प्रेमाने देत राहा' असा संदेश दिला आहे. तो वाचला की मला रडू येते. माझे काही चुकते आहे का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : तुमचे काहीही चुकत नाही. तो संदेश अपुरा आहे.

झग्यावरची डाळिंबे आणि पायाशी असलेला गहू यांमुळे ही सम्राज्ञी ग्रीकांच्या डेमेटर या धान्यदेवतेशी जोडली जाते. तिची कथा अशी आहे की तिची मुलगी पर्सेफोनी हिला पाताळाचा राजा हेडीस पळवून नेतो. डेमेटर शोध घेत वणवण फिरते, आणि एका म्हातारीच्या वेषात एल्युसिस गावच्या राजाच्या घरी त्याच्या तान्ह्या मुलाची दाई म्हणून राहते. पोटची लेक हरवलेली असताना ती दुसऱ्याचे मूल सांभाळते, म्हणजे तुम्ही रोज जे करता त्याच जातीचे काम करते. परंतु पुढे ती आपल्या देवळात एकटी बसून राहते आणि पृथ्वीवर धान्य उगवू देत नाही. माणसे उपाशी मरायची वेळ येते आणि देवांना मिळणारे हविर्भागही बंद पडतात, तेव्हा कुठे ते जागे होऊन मुलीला परत आणण्याची व्यवस्था करतात. त्यातही पर्सेफोनीने पाताळात डाळिंबाचा दाणा खाल्लेला असल्यामुळे वर्षातला काही काळ तिला तिथेच राहावे लागते. जिच्याकडून सर्वांना अन्न मिळते तिचेही दुःख असते आणि ते कोणी विचारात घेतले नाही तर शेत पिकत नाही, हे त्या नक्षीतल्या डाळिंबांनी आपल्याबरोबर आणलेले आहे.

टॅरोच्या दुसऱ्या एका प्रसिद्ध संचात, म्हणजे इंग्लिश गूढवादी अलिस्टर क्रोली यांच्यासाठी लेडी फ्रीडा हॅरिस यांनी रंगवलेल्या थॉथ संचात, सम्राज्ञीच्या पायाशी पेलिकन पक्षीण आहे. ती चोचीने स्वतःची छाती फोडून पिलांना रक्त पाजते, अशी मध्ययुगीन युरोपात समजूत होती. प्रत्यक्षात कोणतीही पेलिकन असे करत नाही. पाळणाऱ्या स्त्रीकडून लोकांची काय अपेक्षा असते हे मात्र त्या चित्रात पुरते उतरले आहे, आणि तुमच्या पुस्तकातला संदेश त्याच पक्षिणीचा आहे. तुमच्या हाती जो पत्ता येतो त्यात ती पक्षीण नाही. त्यात उशा आहेत, बसायला जागा आहे, आणि मागून वाहत येणारे पाणी आहे.

म्हणून तो पत्ता पुन्हा आला की 'मी अजून काय देऊ' असे विचारू नका. 'या घरात मला कोण पाणी घालते' असे विचारा. आणि त्या प्रश्नाचे उत्तर 'कोणी नाही' असे असेल, तर ते पतीला, नणंदेला, दिरांना मोठ्याने सांगा. आठवड्यातले दोन दिवस पूर्ण दुसऱ्या कोणीतरी सासूबाईंचे करावे, किंवा सगळ्यांनी पैसे घालून अर्ध्या दिवसाची मदतनीस ठेवावी, अशी नेमकी मागणी करा. मोघम बोललात तर ते ऐकून सोडून दिले जाईल. पहाटेचा तो निवांत वेळ मात्र कोणालाही देऊ नका.

प्रश्न : मी पुरुष आहे आणि मला हा पत्ता आला. सम्राज्ञी म्हणजे आपलीच अन्नपूर्णा का? आणि ही विद्या प्राचीन इजिप्तची आहे हे खरे का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : इजिप्तची गोष्ट खरी नाही. ती १७८१ साली कूर द झेबलँ या फ्रेंच विद्वानाने मांडली आणि लोकांना ती आवडली म्हणून टिकली. टॅरो हा मुळात पंधराव्या शतकात उत्तर इटलीत खेळला जाणारा पत्त्यांचा डाव होता आणि सम्राज्ञी त्यातल्या हुकमाच्या पानांपैकी एक पान होती. मिलानच्या सरदारघराण्यासाठी सोन्याच्या वर्खावर रंगवलेला एक संच आजही बऱ्याच अंशी शिल्लक आहे. त्यातल्या सम्राज्ञीच्या ढालीवर पवित्र रोमन साम्राज्याचा काळा गरुड आहे. शेत नाही, डाळिंब नाही. ती राज्य करणारी बाई होती. तिचे धरित्रीत रूपांतर पुढच्या शतकांत, विशेषतः एकोणिसाव्या शतकातल्या गूढवाद्यांच्या हातून झाले. बारा ताऱ्यांचा मुकुट ख्रिस्ती धर्मग्रंथातल्या प्रकटीकरणाच्या बाराव्या अध्यायातून आला. तिथे सूर्य पांघरलेल्या एका स्त्रीच्या माथ्यावर तो आहे.

अन्नपूर्णेशी तिचे साम्य जाणवते आणि त्यात गैर काही नाही, परंतु दोघींना एक मानू नये. लग्नात गौरीहरापाशी पूजलेली आणि माहेराहून आणलेली अन्नपूर्णा आपल्या देवघरात वाटीतल्या तांदळांवर बसते आणि तिच्या हातात पळी असते, ती वाढते. सम्राज्ञी कोणालाही वाढत नाही. तिच्या हातात राजदंड आहे.

तुम्ही पुरुष असल्याने अर्थात काहीही बदलत नाही. रोप लावणारा, स्वयंपाक करणारा, कोणाचे शिक्षण पुरे करून देणारा पुरुष याच पत्त्याच्या शेतात उभा असतो. पत्ता पुन्हा हाती आला की ढालीकडे आधी पाहा: जिथे पाचशे वर्षांपूर्वी गरुड होता, तिथे आता शुक्र आहे.